धैवताचे देणे

आमच्या घरात सध्या एक गिटार राहावयास आली आहे. 'राहावयास आली आहे' असे मुद्दाम म्हणतो, कारण ती इतर वाद्यांप्रमाणे गवसणीत गुपचूप पडून राहत नाही. ती सकाळी सोफ्यावर बसलेली असते, दुपारी पलंगावर लवंडलेली असते, आणि रात्री दिवा न लावता पाणी प्यावयास उठावे तर तिच्या तारा पायाशी झणत्कार करून आपल्या अस्तित्वाची जाणीव देतात. गिटार माझ्या नातीची आहे. नात अकरावीत आहे. म्हणजे एकाच वेळी अभ्यास, मैत्रिणी, फोन आणि गिटार या चारही गोष्टी तिला सांभाळाव्या लागतात, आणि त्यांतील पहिली गोष्ट सांभाळण्याचे काम तिने उदारपणे आईवडिलांवर सोपविले आहे.

तिची गाणे बसविण्याची पद्धत मी गेले वर्षभर पाहत आहे. आमच्या वेळी गाणे प्रथम ऐकावे लागे. आता ते प्रथम पाहावे लागते. फोनवर गाण्याचे नाव टाकले की शब्द येतात आणि शब्दांच्या डोक्यावर कॉर्डची अक्षरे येतात. मग डावा हात त्या अक्षरांप्रमाणे ठेवायचा आणि उजवा हात हलवायचा. दहा मिनिटांत गाणे तयार! वाचकहो, मी कुरकुर करीत नाही. गव्हाच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाने पिठाच्या पिशवीला नावे ठेवू नयेत.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी बाल्कनीत वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. आतून गिटारीचे सूर येऊ लागले आणि दोनच क्षणांत वर्तमानपत्र माझ्या मांडीवर आले. ते गाणे माझ्या ओळखीचे होते. 'स्कारबरो फेअर'. सायमन आणि गारफंकल या अमेरिकन जोडीने १९६६ साली ध्वनिमुद्रित केलेले. पहिली ओळ झाली, दुसरी ओळ निम्मी झाली, आणि एका ठिकाणी भातात खडा लागावा तसा कानाला खडा लागला. मी जागेवरूनच ओरडलो, "धैवत! धैवत शुद्ध आहे!"

नात गिटार घेऊन बाहेर आली. "काय म्हणालात आजोबा?"

"तो तिथला कॉर्ड मायनर नाही, मेजर आहे. एक बोट एक पडदा पुढे घे."

तिने फोनकडे पाहिले. फोन मायनर म्हणत होता. मग तिने बोट पुढे घेऊन पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. खिडकी उघडावी तसा तो सूर उघडला होता. "आजोबा! तुम्हाला कसं कळलं?"

प्रश्न अगदी साधा होता. परंतु त्याचे खोटे उत्तर मी एकदा भर सभेत दिलेले होते, आणि खरे उत्तर आजवर कोणालाच दिलेले नव्हते. म्हणून मी चहा मागविला. तिला जे सांगितले तेच आज या सदरात सांगतो.

तेव्हा आम्ही गिरगावात राहत होतो. दोन खोल्या, सामाईक गॅलरी, आणि घरात आई, अण्णा, मी व धाकटी बहीण. अण्णा दिवसा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी पेटीवाले होते. कीर्तन असो, भजन असो, गणपतीतला मेळा असो, अण्णांची पेटी हजर. त्यांचे नाव कोणत्याही जाहिरातीत कधी आले नाही. 'पेटीची साथ' एवढे छापून येई, आणि ती साथ म्हणजे आमचे अण्णा. परंतु बुवांनी तोंड उघडण्यापूर्वी ते कोणत्या पट्टीत उघडणार हे अण्णांना कळत असे. स्टोव्हचा आवाज, भंगारवाल्याची हाळी, लोकलची शिट्टी या सर्वांना अण्णांच्या लेखी काळी-पांढरी होती.

अशा घरात मी, वय वर्षे सतरा, १९७१ साली गिटार आणली. धोबीतलावच्या एका गोवेकर गृहस्थाकडून जुनी, ७५ रुपयांना, शिकवण्यांचे पैसे साठवून. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्या वाढलेल्या केसांकडे पाहिले आणि दोन्हींचा संबंध मनाशी जोडून ते आंघोळीला निघून गेले.

त्या काळी आम्हा पोरांना ज्या गाण्यांचे वेड होते, त्यांना 'फोक-रॉक' म्हणत. फोक म्हणजे लोकगीत आणि रॉक म्हणजे विजेची गिटार व ढोल-ताशांचा दणका. हे लग्न १९६५ साली लागले. बॉब डिलनचे एक गाणे बर्ड्‌स नावाच्या चमूने विजेच्या बारा तारी गिटारीवर वाजविले आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच महिन्यात आणखी एक गंमत झाली. सायमन आणि गारफंकल यांनी १९६४ साली 'द साउंड ऑफ सायलेन्स' हे गाणे साध्या गिटारीवर म्हटले होते आणि ते कोणी फारसे ऐकले नव्हते. टॉम विल्सन या निर्मात्याने त्याच ध्वनिमुद्रणावर विजेची गिटार, बेस आणि ड्रम चढविले, आणि तेही गायकांना न विचारता! १९६६च्या जानेवारीत ते गाणे पहिल्या क्रमांकावर होते. आपले लग्न लागल्याची बातमी नवऱ्या मुलाला शेजाऱ्याकडून कळावी, तशी त्या दोघांची स्थिती झाली असेल.

'स्कारबरो फेअर' ही त्याच जोडीची त्यानंतरची कामगिरी. तिची रेकॉर्ड माझ्या एका वर्गमित्राच्या मामांनी बोटीवरून आणली होती. दिवाळीच्या सुट्टीत ती मला आठ दिवसांच्या बोलीने मिळाली. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी रेकॉर्ड प्लेअर दिला. जानेवारीत कॉलेजचे स्नेहसंमेलन होते आणि त्यात हे गाणे वाजवून सर्वांना थक्क करावे असा माझा बेत होता. नोटेशनचे पुस्तक नव्हते, शिक्षक नव्हता. होते ते दोन कान, आणि त्या कानांविषयी माझे मत फार चांगले होते.

कानाने गाणे बसविण्यासाठी प्रथम 'सा' शोधावा लागतो. गाणे ज्या सुरावर येऊन विसावते, घरी आल्यासारखे वाटते, तो सा. रेकॉर्ड लावली, ओळ संपली तेथे सुई उचलली आणि तो सूर गुणगुणत गिटारीची एकेक तार छेडून पाहिली. सर्वांत जाड तार मोकळी छेडताच जुळले! पेटीच्या भाषेत ती पांढरी तीन, इंग्रजीत ई. इथपर्यंत पाच मिनिटे लागली आणि आपण मोझार्टचे चुलतभाऊ आहोत अशी माझी खात्री झाली.

पुढची पायरी कॉर्ड ओळखण्याची. आपल्याकडे गाणे म्हणजे सुरांची रेघ असते. तिकडे त्या रेघेखाली तीन-तीन सुरांच्या जुड्या घालतात. त्या जुडीला कॉर्ड म्हणायचे. गाणे चालू असता जुडी कोठे बदलते ते ऐकायचे. त्यासाठी वरच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून सर्वांत खालच्या, जाड सुराकडे कान लावायचा. हे सोपे नाही. लग्नाच्या मांडवात नवरीकडे न पाहता आचाऱ्याकडे पाहण्यासारखे ते आहे. शिवाय या गाण्यात दोन गाणी एकमेकांत विणलेली आहेत. एक पुढे चालते आणि त्याच्या सांदीतून दुसरे, युद्धाविषयीचे गाणे हळूच डोकावत राहते. त्यामुळे ऐकणाऱ्याचा कान सारखा वाट चुकतो.

या अडचणीवर मला एक उपाय सापडला. त्या वेळच्या रेकॉर्ड प्लेअरवर ७८, ४५, ३३ आणि १६ असे चार वेग असत. ३३ची रेकॉर्ड १६वर लावली की गाणे बरोबर अर्ध्या गतीने चाले आणि बरोबर एक सप्तक खाली जाई. म्हणजे सा तोच राहतो, फक्त खर्जात जातो. दोघा तरुण गायकांचे दोन पेंगुळलेले म्हातारे होत, परंतु गिटारीचा एकेक ठोका सुटा ऐकू येई. आई म्हणे, "हे कोण रे कण्हतंय?" पण त्या कण्हण्यातून मला तीन कॉर्ड मिळाले. ई मायनर, म्हणजे सा, कोमल ग, प. डी मेजर, म्हणजे कोमल नि, रे, म. आणि जी मेजर, म्हणजे कोमल ग, प, कोमल नि. तीन दिवसांत पहिली ओळ साफ बसली.

दुसऱ्या ओळीत मात्र गाडी अडली. त्या ओळीत चार वनस्पतींची नावे एकामागून एक येतात. चाल पंचमावरून चढत वरच्या सा पर्यंत जाते आणि उतरू लागते. तिसऱ्या वनस्पतीपाशी एक कॉर्ड येतो. खालचा सूर मी ओळखला होता. तो मध्यम होता, म्हणजे ए. तेव्हा कॉर्ड ए मायनर असणार, हे मी मनाशी पक्के केले. सगळे गाणे उदास, हा कॉर्डही उदास असणार! वाजविले. खडा लागला. पुन्हा रेकॉर्ड, पुन्हा गिटार, पुन्हा खडा. बोट चुकले असेल म्हणून बोट तपासले. तार उतरली असेल म्हणून तार चढविली. चौथा दिवस गेला, पाचवा उजाडला. आई चकल्या पाडीत होती. ती म्हणाली, "अरे, एकदा तरी पुढे जा रे बाबा! माझ्या चकल्यासुद्धा त्याच जागी मोडायला लागल्या."

अण्णा खाटेवर पेपर वाचीत होते. पेपर तोंडासमोरून न हलविता ते म्हणाले, "धैवत शुद्ध आहे."

मला प्रथम ते पेपरातले काही वाचीत आहेत असेच वाटले. "काय म्हणालात?"

"तुझ्या त्या गाण्यात. तू कोमल धरतोयस. तिथे धैवत शुद्ध आहे."

मग त्यांनी पेपराची घडी केली, खाटेखालून पेटी ओढली, भाता सोडला आणि पांढरी तीनचा सा धरून ती अख्खी ओळ सरगमने म्हटली. इंग्रजीचा एक शब्द नाही. नुसते सा-रे-ग-म, आणि चालीत तसूभर फरक नाही. धैवतापाशी थांबून त्यांनी ती पट्टी दाबून धरली. "हा बघ. ग कोमल, नि कोमल, बाकी सगळे शुद्ध. स्वर काफीचे आहेत. तू आसावरीचे लावतोयस."

येथे संगीत जाणणारे वाचक लगेच म्हणतील की, काफी राग आणि हे गाणे यांचा संबंध काय? राग म्हणून काही संबंध नाही. रागाला त्याचे चलन असते, त्याच्या जागा असतात. अण्णा बोलत होते ते थाटाविषयी, म्हणजे सात सुरांच्या मांडणीविषयी. ती मांडणी मात्र तंतोतंत काफी थाटाची आहे. युरोपात या मांडणीला 'डोरियन' म्हणतात आणि इंग्लंडातल्या कितीतरी जुन्या लोकगीतांच्या चाली तीत आहेत. साध्या मायनरमध्ये धैवत कोमल असतो, म्हणजे आपली आसावरी. डोरियनमध्ये तो शुद्ध असतो. सगळा फरक एका सुराचा. पण ते गाणे नुसते रडत नाही, रडता रडता क्षणभर मान वर करून पाहते, याचे कारण तो एक सूर आहे.

अण्णांना कॉर्ड ठाऊक नव्हते. मला कॉर्ड ठाऊक होते, सूर कळला नव्हता. मी ए मायनर धरला आणि दुसऱ्या तारेवरचे बोट एक पडदा पुढे सरकविले. ए मेजर. म, शुद्ध ध, सा. खडा नाहीसा झाला. आई आतून म्हणाली, "चला, सुटलं एकदाचं!"

"पण अण्णा, तुम्ही हे गाणं ऐकलंत कधी?"

"चार दिवस दुसरं काय ऐकतोय मी? आणि तू ते सोळावर लावलंस ना, त्या म्हाताऱ्यांच्या आवाजात सूर अगदी स्वच्छ कळतात." मग पेटीचा भाता लावीत ते म्हणाले, "तुझा कान वाईट नाही. पण तू ऐकत नव्हतास, ठरवत होतास. गाणं दुःखी आहे असं ठरवलंस आणि सगळे सूर दुःखी करून टाकलेस. आधी ऐकावं. नाव मागाहून ठेवावं."

गाण्याविषयी त्यांनी मला दिलेला हा एकच धडा. एवढे बोलून ते दाढी करावयास गेले.

तरीही काम संपले नव्हते. सूर बरोबर आले, पण रेकॉर्डवरची गिटार चांदीच्या घुंगरांसारखी वाजत होती आणि माझी तांब्या-भांड्यासारखी. पुन्हा १६वर लावून ऐकले तेव्हा ध्यानात आले, की त्या गिटारीत जाड, खर्जाचे सूर जवळजवळ नाहीतच. म्हणजे वाजविणाऱ्याने तारांची लांबीच कमी केली असली पाहिजे. त्यासाठी कॅपो नावाची पट्टी मिळते. ती गिटारीच्या मानेवर आवळली की सगळ्या तारा त्या पडद्यापासून सुरू होतात. पेटीची पट्टी बदलावी तसेच ते. माझ्याकडे कॅपो नव्हता. मी एक पेन्सिल आडवी ठेवली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची फीत कापून ती सातव्या पडद्यावर करकचून बांधली. आता ए मायनरची बोटे धरली की सूर ई मायनरचा निघे. डीच्या जागी जी, जीच्या जागी सी, आणि ज्या ए मेजरने मला पाच दिवस छळले त्याच्या जागी डी मेजर. तेथेही गंमत तीच. डी मायनर आणि डी मेजर यांत एका बोटाचा, एका पडद्याचा फरक. उजव्या हाताने मात्र तारा एकदम ओढावयाच्या नाहीत. अंगठ्याने जाड तार आणि बाकीच्या बोटांनी बारीक तारा एकेक करून, तीन-तीनच्या झोक्यात उचलावयाच्या. आठव्या दिवशी रेकॉर्ड परत गेली आणि गाणे माझ्याकडे राहिले.

१९७२च्या जानेवारीत स्नेहसंमेलन झाले. सभागृह भरलेले होते. आई आणि अण्णा मागच्या बाजूला बसले होते. अण्णांनी त्या दिवशी कचेरीतून लवकर सुटी घेतली होती आणि परीटघडीचा कोट घातला होता. गाणे झाले. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मित्राने विचारले, "हे गाणं तू कुठं शिकलास?" आणि मी ध्वनिवर्धकासमोर तोंड नेऊन म्हटले, "कुठंच नाही. कोणाच्याही मदतीशिवाय, स्वतःच्या कानानं बसवलं."

पुन्हा टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत अण्णांचे हात होते. मला ते व्यासपीठावरून दिसत होते.

घरी जाताना मी वाट पाहत होतो की, अण्णा काहीतरी बोलतील. निदान चिमटा घेतील. ते एवढेच म्हणाले, "धैवत छान लागला." बाकी सर्व रस्ता ते आईशी दुधाच्या भावाविषयी बोलत होते. मी ते वाक्य मागे घेऊ शकलो असतो. दुसऱ्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी, पुढल्या दिवाळीत. पण अशा गोष्टी राहून जातात. आधी लाज वाटते म्हणून राहतात, नंतर फार दिवस झाले म्हणून राहतात. १९८९ साली अण्णा गेले. पेटी एका भजनी मंडळाला दिली.

पुढे कितीतरी वर्षांनी या गाण्याची कुळकथा माझ्या वाचनात आली आणि मी चपापलो. स्कारबरो हे इंग्लंडच्या यॉर्कशायर प्रांतातले समुद्रकाठचे गाव. तिसऱ्या हेन्री राजाने १२५३ साली तेथे जत्रा भरविण्याची सनद दिली. १५ ऑगस्टपासून ४५ दिवस चालणारी ही जत्रा पाच शतके भरत होती आणि १७८८ साली बंद पडली. जत्रा गेली, गाणे राहिले. त्याचे मूळ 'द एल्फिन नाइट' या जुन्या पोवाड्यात आहे असे मानतात. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकाने इंग्लंड-स्कॉटलंडचे ३०५ लोकपोवाडे गोळा करून छापले, त्यांत त्याचा क्रमांक दुसरा. त्या पोवाड्यात प्रियकर-प्रेयसी एकमेकांना अशक्य कामे सांगतात. बिनशिवणीचा सदरा शिव, समुद्र आणि वाळू यांच्यामधली जमीन नांगर, अशी. ज्या प्रेमात अशा अटी घालाव्या लागतात, ते प्रेम मुळात तुटलेले असते, हे त्या गाण्याचे दुःख.

आज जगाला ठाऊक असलेली चाल युअन मॅकॉल या गायकाने १९४७ साली मार्क अँडरसन नावाच्या, शिशाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या कामगाराकडून मिळविली. पुढे ती लंडनच्या क्लबांतून गाणाऱ्या मार्टिन कार्थी या तरुणाकडे आली. त्याने तिला गिटारीची सुंदर साथ बसविली आणि १९६५ साली आपल्या पहिल्या रेकॉर्डवर ती म्हटली. बॉब डिलन १९६२-६३च्या हिवाळ्यात लंडनला आला होता, तोही कार्थीकडून ती ऐकून गेला आणि 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' या गाण्यात तिची सावली पडली. पॉल सायमन १९६५ साली इंग्लंडात होता. त्याने ते गाणे कार्थीकडूनच घेतले. १९६६ साली रेकॉर्ड निघाली, पुढच्या वर्षी 'द ग्रॅज्युएट' या चित्रपटात गाणे आले आणि जगभर झाले. रेकॉर्डवर कर्ते म्हणून सायमन आणि गारफंकल यांची नावे होती. कार्थीचे नाव नव्हते.

कार्थीच्या मनात ही सल पुष्कळ वर्षे राहिली. अखेर २००० साली लंडनमधल्या आपल्या कार्यक्रमात सायमनने त्याला व्यासपीठावर बोलाविले आणि दोघांनी मिळून ते गाणे म्हटले. रेकॉर्ड निघाल्याला तेव्हा ३४ वर्षे झाली होती.

हे वाचले तेव्हा मला सायमनचा राग आला नाही. मला तो ओळखीचा वाटला. तरुणपणी माणसाला वाटते की, आपण जे कानाने घेतले ते आपलेच आहे. कागद घेतला तर तो परत करावा लागतो, रेकॉर्ड आणली तर आठव्या दिवशी पोचवावी लागते. सुराचे तसे नसते. तो दिला तरी देणाऱ्याकडे उरतोच, आणि म्हणून घेणाऱ्याला देण्याचा विसर पडतो. खाणीतल्या म्हाताऱ्याकडून मॅकॉलकडे, मॅकॉलकडून कार्थीकडे, कार्थीकडून सायमनकडे, आणि तेथून बोटीवरच्या मामांच्या पेटाऱ्यातून गिरगावच्या खोलीत, अशी ती चाल आली. या लांबलचक रांगेत प्रत्येकाने काही ना काही दिले होते. आमच्या खोलीत ज्याने दिले तो खाटेवर पेपर वाचीत बसला होता. फरक एवढाच की, सायमनला ३४ वर्षांनी हाक मारावयास कार्थी समोर होता.

एवढे सगळे नातीला सांगून होईतो चहा थंड झाला होता. तिने मला एकही उपदेशाचा शब्द ऐकविला नाही, हे या पिढीचे मला फार आवडते. ती म्हणाली, "म्हणजे हे तुम्हाला नाही कळलं. पणजोबांना कळलं."

"हो. त्यांना कळलं."

"आणि तुम्ही सांगितलंच नाहीत?"

"नाही सांगितलं."

ती थोडा वेळ गिटारीच्या खुंट्या पिळत राहिली. मग तिने फोन खाली पालथा ठेवला आणि म्हणाली, "पुढची ओळ तुम्ही कॉर्ड सांगू नका. मी ऐकते." त्या रात्री जेवणाला उशीर झाला. ती एक ओळ तिने वीस-पंचवीस वेळा वाजविली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा खालचा सूर तिला आपोआप ऐकू आला. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, पुढे जा ना आता!" मला वाटले, घर बदलले, गाव बदलले, पण चकल्या मात्र त्याच जागी मोडतात.

आमच्या सोसायटीत दरवर्षी पाडव्याच्या पहाटे मुलांचा गाण्याचा कार्यक्रम असतो. यंदा नात तेथे हे गाणे वाजविणार आहे. कार्यक्रमपत्रिकेत काय छापायचे ते तिने स्वतःच लिहून दिले आहे. गाण्याचे नाव, मूळ इंग्लिश लोकगीत, मार्टिन कार्थी, सायमन आणि गारफंकल अशी सगळी नावे तिने ओळीने लिहिली आहेत. आणि त्यांच्याखाली अण्णांचे पूर्ण नाव लिहून पुढे म्हटले आहे, "यांनी धैवत सांगितला."

ज्यांचे नाव उभ्या आयुष्यात कोणत्याही पत्रिकेत छापून आले नाही, त्यांचे ते असे छापले जाणार आहे. वाचणाऱ्यांना अर्थ कळणार नाही. कोणी विचारलेच, तर या वेळी उत्तर मी देणार आहे. त्यासाठी परीटघडीचा कोट काढून ठेवला आहे, आणि मागच्या ओळीतली खुर्चीही आताच सांगून ठेवली आहे.